टीम येणार आहे

वणी, गुरुवार

प्रिय राजदीप,

जयभीम. आईचा कागद बघून दचकलास ना? दचक थोडा. मी गेले कित्येक दिवस दचकतच जगते आहे, मग तू तिकडे नागपुरात आरामात का बसावंस? शंकरसिंग दुपारची बस घेऊन निघतो आहे, त्याच्या हाती हे देते. फोन का नाही केलास म्हणशील. फोनवर मी अर्धं बोलले की तू म्हणतोस, काही होत नाही आई, तू उगीच टेन्शन घेतेस. मला तेवढ्यापुरतं खरंही वाटतं, आणि फोन ठेवला की पुन्हा तेच सुरू होतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही. सगळा वाच. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायचास, तसं आज करू नकोस.

आधी घरच्या बातम्या. पायल ढाणकीला सासरी बरी आहे. तिचे दिवस भरत आले आहेत, म्हणून यातलं अक्षरही तिला कळवू नकोस. माझी अंगणवाडी चालू आहे, पोरं खिचडी खातात आणि मला छळतात. कापूस या वर्षीही लोकांनी जिनिंगबाहेर गाड्यांच्या रांगा लावून विकला, आणि विकून परतताना कुणाच्या तोंडावर हसू दिसलं नाही. बाबांची पहिली पाळी आहे. खाणीतलं पाणी उपसायचं, दुपारी घरी यायचं, दोन घास खायचे आणि फुटबॉलच्या मैदानावर जायचं, हा त्यांचा नेम तू जन्मायच्या आधीपासूनचा. तो अजून मोडलेला नाही. मोडलं आहे ते दुसरंच. ते आता भांडत नाहीत.

खरंच सांगते. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मुकाट जेवतात. परवा मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि गॅसचं सिलिंडर कसं बदलायचं ते शिकवलं. इतकी वर्षं "तुले नाही जमत, सरक तिकडं" म्हणून मला हात लावू दिला नव्हता. मग टाकीची मोटर कशी सुरू करायची ते दाखवलं, फ्यूज उडाला तर तार कशी घालायची ते दाखवलं. मी हसत होते. म्हटलं, आता या वयात मला वायरमन करता का? तर म्हणाले, "येत असलं तं बरं असते." एवढंच म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला.

मैदानावरच्या जोडीदाराला, हिरासिंगकाकांना, त्यांनी शिट्टी देऊन टाकली. ती पितळी शिट्टी, जी न विचारता घेतलीस म्हणून तुझ्या पाठीत धपाटा बसला होता. काका खुशीत घेऊन गेले आणि दिवे लागायच्या वेळेला परत आले. म्हणाले, "वहिनी, धर्मपालनं मले शिट्टी काहून देल्ली?" मी म्हटलं, त्यांच्यानं आता धावणं होत नाही, म्हणून दिली असेल. त्यांनी मान हलवली, पण घरी गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. तेव्हापासून रोज संध्याकाळी पत्त्यांचा कॅट घेऊन येतात आणि बाबांना उठू देत नाहीत.

आता मी एवढी का घाबरले ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्हा अंगणवाडीवाल्यांना आजूबाजूच्या गावांत घरोघर पाठवलं होतं, आठवतं ना? घरातला माणूस गप्प झाला का, जेवण तुटलं का, एकटाच बसून राहतो का, हे विचारून यायचं. आम्हाला शिकवायला आलेल्या बाईंनी चहा पिता पिता एक गोष्ट सांगितली होती. म्हणाल्या, त्रासात असलेला माणूस एकाएकी शांत झाला, गोड बोलायला लागला, आपल्या वस्तू वाटायला लागला, तर त्याला एकटं सोडू नका. ते वाक्य मी किती ओसऱ्यांवर बसून किती बायांना समजावून सांगितलं असेल! बाहेर पडलं की पदराने तोंड पुसायचं आणि पुढच्या घरी जायचं. मनात म्हणायची, आपण यातले नाही. आपलं शेत नाही, खाणीचा पगार आहे, क्वार्टर आहे. आता तेच वाक्य माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलं आहे आणि समजावून सांगायला मला बाहेरून कोणी येत नाही.

फुटबॉलपायी कुणी असं करतं का, म्हणशील. मीही स्वतःला तेच विचारते. म्हणून मागचं सगळं आठवून बघते आहे, कुठं काय बिनसलं ते सापडतं का म्हणून.

तू चौथीत असताना कलकत्त्याचा क्लब आला होता. त्याच्या मालकाचा कोळशाचा धंदा, खाणीवर येणंजाणं. बाबांनी त्याला फाटकाशी गाठलं आणि सांगितलं, तुमचे निम्मे सामने आमच्या वणीत खेळवा, मैदान आम्ही देतो, गर्दी आम्ही देतो. तो माणूस चक्क हो म्हणाला! मग तुझ्या बाबांनी आणि हिरासिंगकाकांनी डोकं चालवलं. ट्रॅक्टर लावून मैदानावर चांगली काळी माती आणून पसरली. जी माती कापसाला चांगली ती खेळायलाही चांगलीच असणार, असा दोघांचा हिशेब. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस आला. सामना सुरू झाला आणि खेळाडूंचे बूट मातीत राहिले, पाय तेवढे बाहेर आले. त्यांचा गोलकीपर गुडघ्यावर बसून बूट उपसत होता आणि सारं गाव हसून लोळत होतं. क्लब गेला तो गेला. बाबाही तेव्हा पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून माती उकरून मुरूम टाकायला लागले.

दुसरी ती सिमेंट कंपनी. तिला स्वतःची टीम काढायची होती, पगारी खेळाडूंची, आणि ठिकाण वणीच ठरलं होतं. मैदानाला तारेचं कुंपण झालं, पोरांची निवड झाली, तुझं नाव गोलकीपर म्हणून आलं. बाबांनी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले. मग कंपनीच विकली गेली आणि नव्या मालकाने टीम नागपूरला नेली. आपल्याकडचं सगळं शेवटी नागपूरलाच जातं. कोळसा जातो, कापूस जातो, आजारी माणसं जातात, आणि तूही गेलास. टीम दोन वर्षांत बंद पडली, पण तुला तिथं नोकरी मिळाली, खात्याच्या टीममध्ये खेळतोस, चांगलं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. बाबा त्या वेळी हसले नाहीत, पण भांडले भरपूर. महिनाभर ज्याच्या त्याच्याशी भांडत होते. त्यांना टीम कशाला हवी होती ते त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे. तिकडे तू गोलात उभा राहतोस तेव्हा तुझ्यामागे बसलेल्यांपैकी कुणी तुला धर्मपालचा पोरगा म्हणून ओळखत नाही. त्यांना एकदा आपल्या गावची माणसं तुझ्या पाठीशी ओरडताना बघायची होती.

तिसऱ्या वेळचं तुला माहीतच नाही. बाबांनी "जमलं नाही" एवढं कळवलं आणि तूही पुढे विचारलं नाहीस. मोठ्या लीगचे साहेब मैदान बघायला येणार होते, मागच्याच्या मागच्या वर्षी, दिवाळीनंतर. साहेबांना गर्दी दिसली पाहिजे, असा बाबांचा हट्ट. म्हणून लाउडस्पीकरवाल्या प्रफुल्लने कॅसेट भरली आणि ऑटो गावोगाव फिरवला, तांड्यांवरून थेट झरीच्या रस्त्यापर्यंत. कॅसेटवर काय होतं, तर "रविवारी वणीच्या मैदानावर टीम येणार आहे हो, टीम येणार आहे! सर्वांनी मोठ्या संख्येने हजर राहावे!" फुटबॉल हा शब्द त्याने शेवटी घातला होता, आणि तिथं त्याचं गाणं सुरू व्हायचं.

तू शहरात राहतोस, म्हणून तुला आठवण करून देते की त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात टीम म्हणजे काय होतं. दिल्लीची टीम, मुंबईची टीम, आयोगाची टीम, टीव्हीवाल्यांची टीम. घरातला माणूस औषध पिऊन गेला की शेजारीपाजारी विचारायचे, टीम येऊन गेली का? टीम यायची, अंगणात खुर्च्या मांडायला लावायची, हार घातलेला फोटो बघायची, बाईला दोन प्रश्न विचारायची आणि धुरळा उडवत जायची. ज्यांच्याकडे आलीच नाही अशी घरंही पुष्कळ होती.

रविवारी सकाळपासून बाया यायला लागल्या, राजदीप. काळीपिवळीने आल्या, बैलगाडीने आल्या, काही पायी आल्या. प्रत्येकीच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली एक चौकट. मी आधी ओळखलंच नाही. मग एकीने मला बघून नमस्कार केला, तेव्हा कळलं, यातल्या कितीतरी जणींच्या ओसरीवर मी बसून आलेली आहे. आम्ही तारेच्या कडेने सतरंज्या टाकल्या होत्या, तिथं त्या रांगेने बसल्या आणि फडकी सोडून फोटो मांडीवर घेतले. साहेब लोक गाडीतून उतरले, बुटांनी मुरूम दाबून बघितला, गोलाचे खांब मोजले. मग त्यांचं लक्ष तिकडे गेलं. कुणीतरी हळूच म्हणालं, हे आंदोलन दिसतं. ते गाडीकडे वळले, तेवढ्यात तांड्यावरची बिजलीबाई त्यांच्या आडवी उभी राहिली. फोटो पुढे धरून म्हणाली, "साहेब, तुमीच टीम ना?" त्यातला एक भला होता, थांबला. म्हणाला, बाई, आम्ही फुटबॉलच्या टीमसाठी आलो आहोत. बिजलीबाईने त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मंग आमची टीम कोन्ती?"

तो गाडीत जाऊन बसला. ते गेले. मला वाटलं, आता बाबा प्रफुल्लला उभा फाडतात. त्यांनी प्रफुल्लकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांसाठी मांडलेल्या खुर्च्या उचलून म्हाताऱ्या बायांना दिल्या, साहेबांसाठी आणलेली केळी आणि समोसे वाटले, आणि स्वतः मुरमात मांडी घालून बसले. एकेकीने सांगितलं, त्यांनी ऐकलं. उन्हं कलेपर्यंत ऐकलं. घरी येताना मला म्हणाले, "थ्या बी टीमचीच वाट पाहून राह्यल्या, कौसल्या. आपल्यावानीच."

त्या दिवसापासून त्यांना टीम तुझ्यासाठी नको होती. म्हणजे तुझ्यासाठी होतीच, पण आणखी एक घुसलं डोक्यात. म्हणायचे, आपल्या जिल्ह्यात टीम येणार म्हटलं की लोकांना मॅच आठवली पाहिजे. पोरं पळत सुटली पाहिजेत. बायांनी चौकटी काढायच्या नाहीत. मी त्यांना वेडे म्हणायची. मनात मात्र वाटायचं, असलं वेड परवडलं.

आणि मग यंदा ही नवी लीग आली. लहान गावांना टीम देणार म्हणाली. त्यांची माणसं येऊन गेली, मैदानावर चालून बघितलं, खूष झाली. बाबांनी या वेळी कॅसेट भरू दिली नाही, गर्दी जमवू दिली नाही. शाळेच्या पोरांचा खेळ तेवढा दाखवला. महिनाअखेर फोन करतो म्हणून गेले. त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "हे शेवटचं. याच्यानंतर मी काई मागत नाही." मी म्हटलं, नका मागू, मला काय, माझी सुटका होईल. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. तिथून ही शांती सुरू झाली. तुझ्या लहानपणचे बूट त्यांनी तेल लावून शेजारच्या पोराला दिले. जाळी धुऊन, वाळवून, घडी करून पेटीत ठेवली. टीम येणार असेल तर जाळी बांधायची असते, घडी कशाला करायची?

आणखी एक. मैदानाच्या कडेला गाजरगवत माजतं, ते मारायला त्यांनी औषध आणून चुन्याच्या पोत्यामागे ठेवलं होतं. मी हिरासिंगकाकांना सांगून ती बाटली तिथून हलवली. काल बाबांनी विचारलं, औषध कुठं गेलं? मी म्हटलं, काका घेऊन गेले, त्यांच्या बांधावर गवत झालंय. "बरं," म्हणाले आणि पेपर उघडला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, पण काही कळलं नाही. ते बाहेर गेल्यावर मी मैदानावर जाऊन बघून आले. गवत खरंच माजलं आहे, राजदीप. गुडघ्याएवढं झालं आहे. मी त्या गवतात उभी राहून देवाचं नाव घेतलं असतं, पण आपण देव कधीच सोडला, म्हणून तुझं नाव घेतलं.

आता ज्याच्यासाठी हा कागद घेऊन बसले ते. निकाल लागला आहे. सोमवारी फोन आला तेव्हा बाबा अंघोळीला गेले होते, मी उचलला. तो माणूस सभ्यपणे बोलला. म्हणाला, सगळ्या गावांत तुमचं मैदान चांगलं. पण खेळाडूंच्या अंगावरच्या शर्टावर जिल्ह्याचं नाव असणार, आणि त्या शर्टाला पैसे देणारी कंपनी तयार नाही. "मॅडम, यवतमाळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच येतं," म्हणाला. मी त्याला धन्यवादसुद्धा म्हटलं, तोंडातून निघूनच गेलं. मग मोबाईलची बॅटरी काढून तांदळाच्या डब्यात खुपसली, आणि मोबाईल बिघडला म्हणून सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. तेही मला भीतीचंच वाटलं, नाहीतर त्यांनी तो उघडून दुरुस्त करायला घेतला असता. पण रविवारच्या पेपरात गावांची नावं येणार आहेत, आणि रविवारचा पेपर ते दारात उभे राहून वाचतात. नकार आला, हे मी त्यांना सांगू शकते. का आला, हे माझ्याने एकटीने सांगवत नाही. टीम या शब्दाचा जो अर्थ पुसायला हा माणूस इतका झटला, त्याच अर्थाने त्याला हरवलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? तू ये. शंकरसिंग शनिवारी सकाळी बस घेऊन परत निघतो, तुझ्यासाठी पुढची जागा धरायला सांगितली आहे. हातमोजे घेऊन ये. पेटीतली जाळी काढायला लाव, गोलात उभा राहा आणि त्यांना बॉल मारायला लाव, घाम येईपर्यंत मारू दे, भांडले तर भांडू दे, फार बरं होईल. मग आपण तिघं मुरमात बसू आणि मी सांगेन. त्यांच्या एका बाजूला मी असेन, दुसरी बाजू रिकामी नको. वणीत टीम येत नाही, हे ऐकून आपण जगू, यापूर्वीही जगलो आहोत. पण तू आला नाहीस तर आपल्या दारी टीम येईल, राजदीप. अंगणात खुर्च्या मांडायला लावेल आणि मला फोटो मागेल. मला खुर्च्या मांडायच्या नाहीत. ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई